जुन्या चर्च-नोंदींची सूची: ‘पाहा’ लिहूनही माणूस सापडत नाही तेव्हा

तक्रार दर वेळी तीच असते. सूचीत ‘रॉड्रिक्स’ काढलं की ‘रॉड्रिग्ज पाहा’ येतं. रॉड्रिग्जवर गेलं की ‘रोइझ पाहा’. रोइझपाशी पोचलं की पुन्हा ‘रॉड्रिक्स पाहा’. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधणारा माणूस वैतागून पॅरिश ऑफिसात फोन करतो, आणि तिथला बिचारा क्लार्क मूळ नोंदवही उघडून पानं चाळायला लागतो. म्हणजे सूची करून वाचलं काय?

वसई, मुंबई आणि गोव्याकडच्या कॅथलिक नोंदवह्यांची सूची जिथे जिथे एक्सेलमध्ये चालू आहे, तिथे हा घोळ थोड्याफार फरकाने दिसतो. कारण बहुतेक वेळा टायपिंगच्या चुका हे नसतंच. ‘पाहा’च्या एकाच रकान्यात आपण दोन वेगळी कामं कोंबलेली असतात. एक काम म्हणजे नावाची दोन रूपं जोडणं: रोइझ आणि रॉड्रिग्ज हे एकच आडनाव. दुसरं काम म्हणजे दोन नोंदींतला माणूस एकच आहे असं ठरवणं: 1886चा मान्युएल आणि 1911चा मॅन्युएल हा तोच गडी. पहिलं काम भाषेची माहिती असलेला कोणीही करू शकतो आणि ते एकदाच करावं लागतं. दुसऱ्याला पुरावा लागतो, आणि ते दर माणसामागे नव्याने करावं लागतं. ही दोन्ही कामं वेगळी केली की निम्मा गुंता तिथेच सुटतो.

आधी तपासा: तुमची सूची कुठे अडकलीये

रकान्यातल्या प्रत्येक ‘पाहा’साठी, समोर दिलेलं नाव सूचीत मुख्य नाव म्हणून आहे का ते काउंटइफ या एक्सेलच्या मोजणीच्या सूत्राने मोजा. उत्तर शून्य आलं की तो आंधळा संदर्भ. वाचकाला रिकाम्या घरी पाठवणारा. उत्तर शून्य नाही, पण त्या ओळीतही पुन्हा ‘पाहा’च आहे, तर ती साखळी. साखळी फिरून पहिल्या नावावर आली की गोल संदर्भ. तिन्हींवर उपाय एकच: प्रत्येक रूपातून थेट मुख्य रूपाकडे एकच उडी. मध्ये थांबे नकोत. रोइझ → रॉड्रिग्ज, रॉड्रिक्स → रॉड्रिग्ज, बस. मुख्य रूप कुठलं धरायचं यावर सभा भरवू नका. त्या गावात आज सगळ्यात जास्त लोक जे लिहितात ते घ्या आणि पुढे चला.

काउंटइफ शून्य म्हणतंय पण नाव तर डोळ्यांना समोर दिसतंय, असं झालं तर युनिकोडचा, म्हणजे संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा, संशय घ्या. पोर्तुगीज नावांमधला शेपटीवाला ‘सी’ किंवा नाकातला ‘आ’ संगणकात दोन तऱ्हांनी साठतो: एकच अखंड अक्षर म्हणून, किंवा साधं अक्षर आणि त्यावर वेगळं चिन्ह म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. देवनागरीतही नुक्त्याच्या अक्षरांना हाच आजार आहे. त्याशिवाय ‘फर्नांडिस’ आणि ‘फर्नान्डिस’, ‘परेरा’ आणि ‘पेरेरा’, ‘डिसोझा’, ‘डिसूझा’, ‘डिसोजा’ हा आपला घरचा गोंधळ आहेच. पूर्ण फाइल एकदा एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणून घ्या, म्हणजे एकच अक्षर सगळीकडे एकाच तऱ्हेने साठेल. पायथनमध्ये ते एका ओळीचं काम आहे. ओपनरिफाइन हा तक्ते साफ करायचा प्रोग्राम वापरत असाल तर त्याची एकसारखी नावं गोळा करण्याची सोय उत्तम आहे, पण ती मूळ रकान्यावर चालवू नका. ‘मर्ज’ दाबलं की जुनं स्पेलिंग पुसलं जातं आणि नोंदवहीत नक्की काय लिहिलं होतं ते फाइलमधून गायब होतं. रकान्याची प्रत काढा, तिच्यावर काय ते प्रयोग करा.

मूळ दुरुस्ती: एकाच्या जागी तीन तक्ते

पहिला तक्ता नोंदींचा. त्यात वही, पान, पानाची बाजू, संस्कार, माणसाची भूमिका, आणि नाव *जसं लिहिलंय तसं*. इथे काहीही सुधारायचं नाही. धर्मगुरूंनी ‘रोइझ’ लिहिलंय तर ‘रोइझ’.

दुसरा तक्ता फक्त रूपांचा. डावीकडे सापडलेलं रूप, उजवीकडे मुख्य रूप. ‘पाहा’ फक्त इथेच राहतं. यात कुठल्याही माणसाचा उल्लेख नाही, साल नाही, पान नाही.

तिसरा तक्ता जोड्यांचा. अमुक नोंदीतला माणूस तो तमुक नोंदीतला, हे कशावरून, आणि कितपत खात्रीने. ‘कशावरून’ हा रकाना रिकामा असेल तर ओळ घ्यायचीच नाही, मग सांगणारा कितीही जाणता असो. “आमच्या घरात सगळ्यांना माहितीये” हेही एक कारण आहे, ते तसं लिहा, पण लिहा.

हे कागदावर कसं दिसतं त्यासाठी एक बनवलेलं उदाहरण घेऊ. 1886ची बाप्तिस्म्याची नोंद, पोर्तुगीजमध्ये: मान्युएल, पास्कोआल रोइझ व त्याची पत्नी आना मारिया यांचा औरस मुलगा, धर्मपिता दोमिंगोस दे मेलो, धर्ममाता इझाबेल (म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारे, इंग्रजीत गॉडपेरेंट्स). समासात वेगळ्या शाईने, वेगळ्या हाताने, इंग्रजीत: 1911 साली अमुक चर्चमध्ये कॅथरिन परेरा हिच्याशी विवाह.

नवखा माणूस इथे ‘मॅन्युएल रॉड्रिग्ज, 1886’ अशी एक ओळ टाकतो आणि पान उलटतो. आता बघा काय काय गेलं. एक तर बाळाला त्या नोंदीत आडनावच नाही. ते बापाला आहे. आपण ते परस्पर चिकटवलं. आना मारियालाही आडनाव नाही. धर्ममातेलाही नाही. आणि कॅथरिन ही समासात आहे, ती त्या पानावर बाप्तिस्मा झालेली मुलगी नाही. तिला भूमिका न देता टाइप केलं, तर सूचीत 1886 साली जन्मलेली एक कॅथरिन परेरा अवतरते, आणि पुढच्या दहा वर्षांत कोणीतरी तिला आपली खापरपणजी करून टाकतं.

योग्य तऱ्हेने केलं तर या एका नोंदीच्या सहा ओळी होतात: बाळ, वडील, आई, धर्मपिता, धर्ममाता, आणि ‘शेऱ्यातली पत्नी’. सहाही ओळींना एकच नोंद-क्रमांक. बाळाच्या आडनावाचा रकाना ‘लिहिलेलं नाही’; शेजारी ‘वडिलांवरून’ या वेगळ्या रकान्यात रॉड्रिग्ज. आईच्या आडनावाच्या जागीही ‘लिहिलेलं नाही’ हे शब्दच भरा. रकाना कोरा सोडलात की क्रम लावताना या सगळ्या बाया फाइलच्या तळाशी जातात आणि तिथे कोणी फिरकत नाही.

समासातले शेरे

हे शेरे म्हणजे सोन्याची खाण आहे, आणि ते का आहेत हे कळलं की नीट वापरता येतात. ‘ने तेमेरे’ हा रोमचा हुकूम 1907चा, अमलात आला 1908च्या ईस्टरपासून. लग्न लावणाऱ्या धर्मगुरूंनी वधू-वरांचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या धर्मग्रामाला (पॅरिशला) कळवायचं आणि तिथे बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लग्नाची टीप टाकायची, असा नियम त्याने घातला. म्हणजे 1908 नंतर लग्न झालेल्या माणसाच्या बाबतीत ‘हाच तो’ हे चर्चनेच लेखी सांगितलेलं असू शकतं. तिसऱ्या तक्त्यात ‘कशावरून’ खाली ‘समासातला शेरा’ यासारखा दुसरा भक्कम पुरावा नाही. उलट, शेरा नाही म्हणून लग्न झालंच नाही असं मात्र धरू नका. कळवणारा विसरला, पत्र पोचलं नाही, किंवा लग्न 1908च्या आधीचं, यांपैकी काहीही असू शकतं.

मुंबईकरांसाठी आणखी एक गाठ. मुंबईत 1794 पासून चर्चेस दोन सत्तांमध्ये वाटलेली होती, पोर्तुगालच्या राजसत्तेच्या आश्रयाखालचं पाद्रोआदो आणि रोमचं धर्मप्रसार खातं प्रोपागांदा यांच्यात, आणि ही दुहेरी व्यवस्था 1928पर्यंत या ना त्या रूपात चालली. त्यामुळे एकाच वस्तीतल्या भावंडांच्या नोंदी दोन वेगळ्या चर्चमध्ये, दोन वेगळ्या भाषांमध्ये मिळू शकतात. लॅटिन वहीतला योआन्नेस म्हणजे पोर्तुगीज वहीतला जुआंव, म्हणजे इंग्रजीतला जॉन. याकोबुस म्हणजे तियागो किंवा जेम्स. इझाबेल आणि एलिझाबेथ एकच. आलोयसियुस पोर्तुगीजमध्ये बहुधा लुईस होतो. ही सगळी दुसऱ्या तक्त्याची कामं. बोलीतली रूपंही तिथेच टाका: जुवांव, पेद्रू, दुमिंग, बस्त्यांव, मिंगेल, इनास, जुजे, आंतोन. नातवाला आजोबांचं नाव ‘इनास’ एवढंच माहीत असतं. त्याने ‘इग्नेशियस’ शोधावं ही अपेक्षाच चूक आहे.

संक्षेप उलगडताना

जुन्या पोर्तुगीज वहीत कागद वाचवायचा म्हणून नावं आखूड लिहीत. ‘रोइझ’ म्हणजे रॉड्रिग्ज हे वर आलंच. ‘एफ, आर, झेड’ एवढंच असेल तर फर्नांडिस, ‘जी, एल, झेड’ म्हणजे गोन्साल्विस, ‘ए, एल, झेड’ म्हणजे आल्वारिस. ‘एम’च्या डोक्यावर इवलासा ‘ए’ म्हणजे मारिया. हा वर चढवलेला शेवटचा छोटा स्वर फार महत्त्वाचा असतो. ‘एफ, आर, सी’वर ‘ओ’ असेल तर फ्रान्सिस्को, ‘ए’ असेल तर फ्रान्सिस्का. तो शाईचा ठिपका समजून सोडला की मुलीचा मुलगा होतो. शंका आली तर पुढचा शब्द वाचा: मुलगा असेल तर ‘फिल्यू’, मुलगी असेल तर ‘फिल्या’, तो सहसा पूर्ण लिहिलेला असतो.

उलगडलेलं रूप पहिल्या तक्त्यात मूळ नावाच्या जागी घालायचं नाही. मूळ संक्षेप तसाच, उलगडा शेजारच्या रकान्यात. जुन्या हस्ताक्षरात मोठा ‘पी’ आणि मोठा ‘एफ’ एकमेकांसारखे दिसले की परेराचा फरेरा व्हायला वेळ लागत नाही, आणि मूळ रूप जपलं नसेल तर ही चूक पुढे कोणालाही पकडता येत नाही.

जुन्या आणि नव्या स्पेलिंगचंही लक्षात ठेवा. पोर्तुगालने 1911 साली शुद्धलेखन बदललं. ‘पीएच’, ‘टीएच’ आणि जोडाक्षरी दुहेरी व्यंजनं गेली, अनेक ‘झेड’ जाऊन ‘एस’ आले. म्हणून फिलिप, तेरेझा, लुईस, सोझा यांची दोन-दोन स्पेलिंगं एकाच घरात भेटतात. गोव्यात आणि वसईत बऱ्याच घरांनी जुनं ‘झेड’ सोडलं नाही, त्यामुळे स्पेलिंगवरून साल ठरवायला जाऊ नका.

‘साउंडेक्स लावू, सगळं आपोआप जुळेल’

नाही जुळत. साउंडेक्स म्हणजे उच्चारावरून नावाला एक अक्षर आणि तीन आकड्यांचा संकेत देणारी पद्धत. ते इंग्रजी कानांसाठी बनलेलं आहे आणि नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवतं. ‘सोझा’ला ते एस-200 देतं आणि ‘डिसोझा’ला डी-220. ‘रॉड्रिग्ज’ आर-362, तर ‘रोइझ’ आर-200. म्हणजे जी जोडी जुळायला हवी तीच फुटते.

मुळात ‘दे’, ‘दा’, ‘दोस’ यांचं काय करायचं हे आधी ठरवा. पोर्तुगीज पद्धतीत ‘दे सोझा’ची सूची ‘सोझा’खाली होते. इंग्रजी अमलात ते ‘डि’ आडनावाला कायमचं चिकटलं आणि आज लोक ‘डी’खाली शोधतात. दोन्ही बरोबर आहेत. म्हणून पोर्तुगीज वहीची स्वतःची सूची शोधताना सोझा, आपल्या नव्या सूचीत डिसोझा मुख्य, आणि ‘सोझा, दे सोझा → डिसोझा’ अशा ओळी दुसऱ्या तक्त्यात. मेलो–डिमेलो, क्रूझ–डिक्रूझ, कोस्टा–डाकोस्टा यांचंही तसंच.

आणि त्या जुन्या वह्यांच्या मागे जी हस्तलिखित सूची असते ती पुष्कळदा आडनावाने नसतेच, पहिल्या नावाने असते. सगळे आंतोनियो एका ठिकाणी, सगळ्या मारिया एका ठिकाणी. तिथे ‘परेरा’ शोधून काही मिळालं नाही म्हणजे नोंद नाही असं नाही. शिवाय त्या सूचीतला आकडा पुष्कळदा पानाचा नसून पत्राचा असतो, म्हणजे पुढची-मागची बाजू मिळून एक आकडा. ‘45’ दिलं असेल तर 45च्या दोन्ही बाजू बघा. वही पुन्हा बांधताना नवे आकडे टाकले असतील तर दोन्ही आकडे नोंदवा, नाहीतर जुने सगळे संदर्भ निकामी होतात.

दोन माणसं एक होतात तेव्हा

माणूस न सापडण्यापेक्षा ही चूक वाईट. न सापडलेला माणूस उद्या सापडेल. चुकीचा जोडलेला माणूस वंशवृक्षात मुरतो आणि मग तो उपटून काढणं मुश्कील.

आडनावं थोडी, संतांची नावंही त्याच त्याच. मग एका गावात एकाच वेळी तीन मान्युएल परेरा असणं ही रोजची गोष्ट आहे. यांना वेगळं करायला नाव पुरत नाही. वडिलांचं नाव, वाडी किंवा गाव, बायकोचं नाव, आणि धर्मपिता-धर्ममाता. या शेवटच्यांना लोक हटकून वगळतात, “कशाला तेवढं टाइप करायचं” म्हणून. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 साली बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांची नावं लिहायला लावली ती विवाहाच्या अडचणीसाठी: बाप्तिस्म्यातून जुळणारं आध्यात्मिक नातं लग्नाच्या आड येई. आपल्याला त्याचा फायदा वेगळाच. घरोबा असलेली माणसंच पुन्हा पुन्हा धर्मपिता होतात, त्यामुळे दोमिंगोस दे मेलो दोन बाळांच्या नोंदीत दिसला तर ती बाळं एकाच घरची असण्याची शक्यता वाढते. वाढते, ठरत नाही. जोड्यांच्या तक्त्यात खात्रीच्या रकान्यात ‘शक्य’ लिहा.

आडनाव एक नाही म्हणून सख्खी भावंडं वेगळी धरणं हीदेखील चूकच. धर्मांतरानंतरच्या पहिल्या पिढ्यांत आडनाव धर्मपित्याकडून किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूंकडून येई. एकाच हिंदू बापाची दोन मुलं दोन पोर्तुगीज आडनावांची असू शकत. प्रौढाच्या बाप्तिस्म्यात कधी ‘पूर्वीचं नाव अमुक’ असंही लिहिलेलं असतं. ते जुनं नाव स्वतंत्र ओळीत, ‘पूर्वीचं नाव’ या भूमिकेसह आणि त्याच नोंद-क्रमांकाने टाका. रूपांच्या तक्त्यात ते कधीच जाऊ देऊ नका. त्या गावातल्या प्रत्येक विठूचा काही पेद्रू झाला नव्हता.

विधवांच्या नोंदीत मेलेल्या नवऱ्याचं नाव असतं. त्याला ‘मयत पती’ अशी भूमिका द्या. निव्वळ ‘पती’ लिहिलंत तर दुसऱ्या लग्नाच्या नोंदीत त्या बाईला एकाच दिवशी दोन नवरे होतात. असे प्रकार मोठ्या, देखण्या सूच्यांमध्येही आहेत.

अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या नोंदींवर काम करणाऱ्यांना हा लेख अर्धाच उपयोगी पडेल. तिकडे बहुतेकांनी नावं बदलली नाहीत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नारायण वामन टिळकच राहिले. तिथे रूपांचा तक्ता छोटा होतो आणि सगळा भार वडिलांच्या नावावर नि गावावर येतो. एकच गाव तीन तऱ्हांनी रोमन लिपीत लिहिलेलं असतं, म्हणून गावांसाठी वेगळा रूपांचा तक्ता करा.

जुनी, बिघडलेली फाइल हाताशी असेल तर

नव्याने टाइप करायला बसू नका. आधी फाइलची प्रत काढून ती कुलूपबंद ठेवा. मग सगळे ‘पाहा’ गाळून वेगळ्या पानावर घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा नावाबद्दल आहे की माणसाबद्दल? ‘रोइझ → रॉड्रिग्ज’ नावाबद्दल. ‘मॅन्युएल रोइझ, वही 3 → मॅन्युएल रॉड्रिक्स, वही 7’ माणसाबद्दल. ज्यांचं उत्तर देता येत नाही ते ‘कशावरून’खाली ‘कारण सापडत नाही’ असं लिहून जोड्यांच्या तक्त्यात टाका, फेकू नका. आधीच्या माणसाला मूळ वही बघून काहीतरी दिसलं असेल. यानंतर नमुन्यादाखल काही नोंदी थेट वहीशी ताडून बघा, आणि त्या निवडताना सोप्या, ठळक अक्षरातल्या निवडू नका.

सूची इंटरनेटवर टाकणार असाल तर ‘वडील अज्ञात’ लिहिलेल्या नोंदी, दत्तकाचे आणि औरसपणाबद्दलचे शेरे, आणि हयात माणसांची शक्यता असलेली वर्षं बाजूला काढा. गोव्यात नागरी नोंदणी 1914 पासून आहे, त्यामुळे त्यानंतरच्या जन्मांसाठी लोकांना चर्चची सूची हा एकमेव मार्ग नसतो. त्या वर्षांपुरती सूची फक्त पॅरिश ऑफिसात ठेवली तरी चालतं. ऑफिसातल्या प्रतीवर शेवटच्या बदलाची तारीख आणि बदल करणाऱ्याचं नाव पहिल्याच पानावर हवं, कारण पुढचा ‘रॉड्रिक्स सापडत नाही’ असा फोन आला की क्लार्कला आधी तेच विचारावं लागतं.